वातमापक एकचा रिलीव्हर

शिरगोळच्या ‘वरची हवा’ केंद्राच्या हजेरीपटावर पहिलं नाव एका उपग्रहाचं होतं, आणि तो अठ्ठावन्न वर्षं सलग ड्यूटीवर होता, कारण त्याला सोडवायला रिलीव्हर आला नव्हता.

त्याचं नाव वातमापक एक. १९६५ च्या जानेवारीत एका परक्या देशाने त्याला वर सोडलं. मोठ्या रांजणाएवढा गोल, बाजूंना चार एरियल. काम साधं होतं. तीनशे दहा किलोमीटरवरून पृथ्वीभोवती फिरायचं आणि तिथली विरळ हवा अंगाला किती लागते ते खाली कळवायचं. मुदत नव्वद दिवसांची. नव्वद दिवसांनी त्याच हवेच्या घासणीने तो खाली येईल आणि वाटेत जळून जाईल, असं त्याच्या कागदपत्रांत स्पष्ट लिहिलेलं होतं. त्याने कळवलेले आकडे उतरवून घ्यायला जगभर जी केंद्रं नेमली होती, त्यांत कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला टेकडीवर बसलेलं आमचं केंद्र होतं.

आमचे पहिले प्रमुख खानविलकर साहेब. त्यांचं म्हणणं असं की, केंद्राला जो रोज निरीक्षण देतो तो केंद्राचा निरीक्षक, मग तो खुर्चीत बसलेला असो नाहीतर आभाळात फिरत असो. त्यांनी वातमापक एकचं नाव हजेरीपटावर घातलं, त्याला सकाळपाळी लावली आणि भिंतीवर टांगलेला कायमचा आदेश त्याला वाचून दाखवला. बदली माणूस येऊन चार्ज घेईपर्यंत कोणीही आपली जागा सोडणार नाही, असा तो आदेश होता. बदली माणसाचं नाव लिहायचा रकाना पुढच्या पानावर होता. ते पान उलटण्याआधी साहेबांचीच बदली झाली.

नव्वदावा दिवस उजाडला. निसर्गाच्या नियमाप्रमाणे वातमापक एकने पडायला हवं होतं. खात्याच्या नियमाप्रमाणे त्याला जागा सोडता येत नव्हती. त्याने खात्याचा नियम पाळला. पुढे त्याची बॅटरी संपली, अंगावरच्या सौर पट्ट्या निकामी झाल्या, पण आदेशात त्याबद्दल काही म्हटलेलं नसल्यामुळे तो काम करत राहिला.

रोज सकाळी नऊ चाळीसला तो आमच्या टप्प्यात यायचा आणि नऊ मिनिटांनी टप्प्याबाहेर जायचा. तेवढ्या वेळात बोलणं उरकावं लागे. मराठी तो खानविलकर साहेबांकडून शिकला होता, त्यामुळे त्याचं बोलणं जरा सरकारी. "नमस्कार. आज हवा अंगाला कमी लागली," असं म्हणून तो आकडे सांगायचा. आकडे संपले की विचारायचा, "रिलीव्हर आला का?"

आम्ही सांगायचो, "अजून नाही."

"बरं," असं म्हणून तो अरबी समुद्राकडून आलेला बंगालच्या उपसागराकडे निघून जायचा.

मी कुमुद चांदोरकर. १९८७ साली निरीक्षक म्हणून लागले आणि शेवटची काही वर्षं केंद्रप्रमुख होते. तो मला बाई म्हणायचा, मी त्याला मापकराव. सेवेत तो मला बावीस वर्षांनी ज्येष्ठ, म्हणून अहो-जाहो. मुख्यालयाकडे आम्ही दर वर्षी रिलीव्हरची मागणी पाठवायचो आणि दर वर्षी मागणी विचाराधीन असल्याचं उत्तर यायचं. मी ते फायलीला लावायचे. छत्तीस वर्षं मी त्याला रोज सकाळी चहा ढवळत "अजून नाही" म्हणून सांगितलं, आणि एकदाही माझा चमचा थांबला नाही.

२०२३ च्या फेब्रुवारीत पत्र आलं. आता सगळं यंत्रांनी मोजलं जातं, सबब शिरगोळ केंद्र एकतीस मार्चला बंद करून हजेरीपट अभिलेखागारात जमा करावेत. माझी निवृत्तीही त्याच दिवशी होती, त्यामुळे लोकांना ते पत्र सोयीचं वाटलं. मी ते तीनदा वाचलं. अभिलेखागारात गेलेल्या हजेरीपटावर कोणाला सही करता येत नाही, आणि सही नाही म्हणजे चार्ज नाही. एकतीस मार्चपर्यंत वातमापक एक सुटला नाही, तर तो कधीच सुटणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी त्याला तसं सांगितलं.

"म्हणजे मी कायमचा," तो म्हणाला.

"नियमाप्रमाणे तसंच होतं."

"नियमाबद्दल माझी तक्रार नाही, बाई. एक विनंती होती. मला एकदा बसायचंय."

"बसायचंय?"

"अठ्ठावन्न वर्षं फिरतोय. तुम्ही लोक मध्येच म्हणता, जरा बसते, जरा बसतो. मी ऐकतो. ते काय असतं ते एकदा बघायचं होतं. पण नसेल जमत तर राहू दे."

तो गेला. मला लाज वाटली, सरळ सांगते. चहा तसाच टाकून मी रेडिओ मेकॅनिक धोंडीराम चौगलेंना गाठलं. ते अठ्ठ्याऐंशी सालापासून केंद्रावर आहेत आणि डोक्याचा पटका फक्त झोपताना काढतात.

"मॅडम, त्येला तिकडं टांगून ठेवून आपण घरी जायाचं? आपल्याला न्हाई जमायचं," ते म्हणाले. "त्यो कवा एक शब्द वाकडा बोलला न्हाई. काय करायचं ते सांगा."

काय करायचं ते मलाही ठाऊक नव्हतं.

वीस मार्चला केंद्र बंद करायला मुख्यालयातून उपसंचालक बोंद्रे आले. चेहऱ्यावर कसलाही भाव नसलेला, बारीक अंगाचा माणूस. सोबत लाखेची पेटी, शिक्का आणि शंभर कोरे फॉर्म. नऊ चाळीसला ते माझ्याशेजारी बसून वातमापक एकचे आकडे ऐकत होते. नंतर त्यांनी अठ्ठावन्न वर्षांचे हजेरीपट मागवले आणि दुपारपर्यंत पानं उलटली.

"किरकोळ रजासुद्धा नाही?" त्यांनी विचारलं.

"एकही नाही."

"आजारपण?"

"चौऱ्याऐंशी साली त्यांना एक बारीक दगड लागला होता. ड्यूटी सोडली नाही."

बोंद्र्यांनी चष्मा काढून पुसला. अशा कर्मचाऱ्याला सोडवलंच पाहिजे याबद्दल त्यांचं दुमत नव्हतं. त्यांची अडचण निराळी होती. "चार्ज कामाच्या जागी घ्यावा लागतो. जागा तीनशे दहा किलोमीटरवर आहे. तिथे जाणार कोण?"

"मी," मी म्हटलं.

"कशा?"

"चढून."

हे ऐकून ते हसले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. मग मी त्यांना आमची रीत समजावून सांगितली. केंद्राला पायथ्यापासून दोनशे चाळीस पायऱ्या आहेत. ज्याचा पाय दुखावलाय, ज्याला दम लागतोय असा रिलीव्हर जमेल तेवढं चढायचा, आणि सुटणारा माणूस हजेरीपट बगलेत मारून तिथवर उतरायचा. भेट होईल त्या पायरीवर चार्ज, आणि पायरीचा आकडा शेऱ्यात. पुढची पाळी वाटलंच तर त्याच पायरीवर. मी माझीच नोंद काढून दाखवली. एकोणनव्वद साली मला सातवा महिना होता. शेरा असा: पायरी क्र. ११२ वर चार्ज दिला, बदली कर्मचारी येथपर्यंत चढू शकल्या. त्या दिवशी मी पायरीवरच बसून राहिले होते आणि चौगले वरून आकडे ओरडून सांगत होते.

बोंद्र्यांनी कागद ओढून हिशेब मांडला. "दोनशे चाळीसपैकी एकशे बारा तुम्ही चढलात. त्याच प्रमाणात तीनशे दहा किलोमीटरपैकी तुम्हाला एकशे चव्वेचाळीस किलोमीटर सहाशे सदुसष्ट मीटर चढावं लागेल. बाकीचं ते उतरतील." थोडा विचार करून ते म्हणाले, "वरचे सदुसष्ट मीटर मी माझ्या अधिकारात सोडू शकतो."

मी त्यांचे आभार मानले. मग अशा आणखी नोंदी शोधायला चौगले आणि मी तीन दिवस जुने हजेरीपट उपसत बसलो. धुळीने शिंका येऊन येऊन माझा आवाज बसला, तेव्हा आकडे घ्यायला चौगले बसले आणि आकडे झाल्यावर वातमापक एकशी जोतिबाच्या यात्रेबद्दल बोलले. तिसऱ्या दिवशी आमच्या हाती सतरा नोंदी होत्या. पायरी एकतीस, पायरी दोनशे, पायरी चार. एक जण पहिल्याच पायरीवर टेकला होता, त्याच्या पायाला प्लास्टर होतं. सतराच्या सतरा ठिकाणी शेरा तोच: येथपर्यंत चढू शकले.

बोंद्र्यांनी सगळ्या नोंदी दोनदा वाचल्या. "यात प्रमाण कुठेच नाही," ते म्हणाले. "फक्त रिलीव्हरची कुवत बघितलीय."

"तेच म्हणते मी."

"पण मग कुवत खरी हवी, चांदोरकर बाई. शिरगोळात तुम्हाला जिथवर चढता येतं, तिथवर चढावं लागेल. एक पायरी राखून ठेवलीत तर चार्ज रद्द."

आम्ही दोघांनीही खिडकीतून वर बघितलं. केंद्राच्या गच्चीवर वाऱ्याचा खांब आहे. पंधरा मीटर उंच, चढायला बेचाळीस लोखंडी कांबी, टोकाला वारा मोजणाऱ्या तीन वाट्या गरगरत असतात. शिरगोळात त्याहून उंच काही नाही. त्यावर मी शेवटची चढले होते त्याला एकोणीस वर्षं झाली होती.

त्या संध्याकाळपासून सराव सुरू केला. पहिल्या दिवशी नवव्या कांबीवर हातपाय गार पडले. खालून चौगले म्हणाले, "मॅडम, खाली बघू नगासा, वर बी बघू नगासा, कांब बघा निसती." चौथ्या दिवशी सव्वीस कांबी झाल्या आणि उतरल्यावर मी गच्चीवर अर्धा तास पडून होते. तीसपलीकडे एकदाही जाता आलं नाही. हे मी वातमापक एकला कळवलं, कारण वरिष्ठाला अंधारात ठेवणं मला पसंत नाही.

"तिसाव्या कांबीवर द्यायला माझी हरकत नाही," तो म्हणाला.

"बोंद्रे साहेबांची असेल. बेचाळीस म्हणजे बेचाळीस. तुमचं काय? उतरताना जळणार नाही ना?"

"जळतात ते पडणारे. मी चार्ज द्यायला येतोय."

एकतीस मार्चला सकाळी आठपासून टेकडी माणसांनी भरली. चौगल्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं, फक्त त्यांच्या सासुरवाडीला सांगितलं होतं. शाळा सुटली, लेझीमवाले आले, ग्रामपंचायतीने हार आणला आणि तो नेमका कोणत्या भागात घालायचा यावर चर्चा चालू झाली. बोंद्रे गच्चीवर घड्याळ आणि शिक्का घेऊन उभे होते. नऊ वाजता मी पदर खोचला, हजेरीपट पिशवीत घालून पाठीला बांधला आणि पहिली कांब धरली.

पहिल्या वीस कांबी गेल्या. तिसाव्यावर थांबले आणि वाटलं, उगाच नाही ते अंगावर घेतलं, साठाव्या वर्षी बाईने नातवंडं खेळवावीत. मग छत्तीस वर्षांची ती "अजून नाही" डोळ्यांपुढे आली. त्यातलं एकसुद्धा मी त्याच्याकडे लक्ष देऊन म्हटलं नव्हतं. मला स्वतःचा इतका राग आला की त्या रागाच्या भरात एकतिसावी, बत्तिसावी, तेहेतिसावी कधी गेली ते कळलं नाही. एकोणचाळिसावी गंजलेली होती, ती मी ओलांडली. बेचाळिसाव्या कांबीवर पोचून मी खांबाला मिठी मारली, पदराने स्वतःला खांबाशी बांधून घेतलं आणि वाट्यांचा वारा तोंडावर घेत उभी राहिले. खालून बोंद्र्यांनी हात वर करून कांबी मोजल्या आणि मान डोलावली.

नऊ चाळीसला पश्चिमेकडे चकाकलं. वातमापक एक केंद्राच्या डोक्यावर आला आणि आयुष्यात पहिल्यांदा थांबला. थांबायची सवय नसल्यामुळे तो थोडा राधानगरीच्या बाजूला पुढे गेला, मग मागे आला. तिथून सरळ खाली उतरू लागला, हळू, विहिरीत घागर सोडावी तसा. पाऊण तास लागला. जवळ आला तेव्हा दिसलं की तो सगळा काळवंडलाय, अंगावर बारीक खड्डे आहेत आणि चारपैकी एक एरियल वाकलंय. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. माझे डोळे भरून आले, आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

तो माझ्यासमोर हातभर अंतरावर येऊन थांबला.

"नमस्कार, बाई," तो म्हणाला. "आज हवा अंगाला भरपूर लागली. रिलीव्हर आला का?"

"आलाय, मापकराव," मी म्हटलं. "मीच."

मी पिशवीतून हजेरीपट काढून कांबीवर टेकवला. त्याने सरळ एरियलने सही केली, खानविलकर साहेबांच्या वळणाची, पल्लेदार. त्याखाली मी केली. वेळ दहा पंचवीस. शेरा लिहिला: खांबाची कांब क्र. ४२ वर चार्ज घेतला, बदली कर्मचारी येथपर्यंत चढू शकल्या. मी हजेरीपट दोरीने खाली सोडला, बोंद्र्यांनी त्यावर शिक्का मारला, आणि टेकडीवर जो काय गजर उठला तो पायथ्याच्या एसटी स्टँडवर ऐकू गेला असं नंतर कंडक्टरने सांगितलं.

वातमापक एक गच्चीवर उतरला. त्याच्यासाठी खुर्ची ठेवलेली होती. तिच्यावरून तो घरंगळला, कारण तो गोल होता आणि याचा विचार कोणीच केला नव्हता. लेझीम थांबली. चौगल्यांनी मग डोक्याचा पटका सोडला, त्याला पीळ भरला, त्याची मोठी चुंबळ केली आणि फरशीवर ठेवली. "ह्याच्यावर बसा, राव," ते म्हणाले. चौगल्यांचं टक्कल त्या दिवशी गावाने पहिल्यांदा पाहिलं.

तो चुंबळीवर बसला. जराही हलला नाही.

"कसं वाटतंय?" मी वरून विचारलं.

"खाली काहीतरी आहे," तो म्हणाला.

त्यानंतर तो बोलला नाही. लोकांनी हार घातला, बायकांनी ओवाळलं, पोरांनी हात लावून पाहिला. त्याला त्यातलं काही कळलं असेल असं मला वाटत नाही. तो बसला होता.

दुपारी चौगल्यांनी दोरीला बांधून माझा डबा वर पाठवला. मी दर तासाला हवा अंगाला किती लागते ते ओरडून सांगत होते आणि ते लिहून घेत होते. पाच वाजता बोंद्रे लाखेची पेटी घेऊन खांबाखाली आले.

"चांदोरकर बाई, आता उतरा. तुमचे निवृत्तीचे कागद तयार आहेत. साडेपाचला केंद्राला सील लावायचंय."

"कशी उतरू, साहेब? माझा रिलीव्हर आलेला नाही."

बोंद्रे भिंतीपाशी गेले. त्यांनी कायमचा आदेश वाचला आणि परत येऊन खांबाखाली उभे राहिले. "हे तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं?"

"फेब्रुवारीपासून."

ठाऊक होतंच. एकाला सोडवायचं तर दुसऱ्याने अडकायचं, याला माझ्याजवळ उपाय नव्हता. मी घरी लोणच्याची बरणी कुठे आहे तेसुद्धा लिहून ठेवलं होतं. मला वाईट वाटत नव्हतं असं नाही. पण खाली चुंबळीवर तो गोल काळा पाठमोरा दिसत होता, आणि तो दिसला की वाईट वाटणं आपोआप कमी व्हायचं.

"निरीक्षक ड्यूटीवर असताना केंद्र बंद करता येत नाही," बोंद्रे सावकाश म्हणाले. त्यांनी माझे निवृत्तीचे कागद लाखेच्या पेटीत टाकले आणि पेटी बंद केली. का कोण जाणे, पण त्यांचा चेहरा उजळलेला दिसला. "मी मुख्यालयाला तसं कळवतो. पाळी सुरू आहे."

साडेपाचला चुंबळ हलली. वातमापक एक उठला. त्याने हार काढून चौगल्यांकडे दिला आणि कांबी एकेक मोजल्यासारखा खांबाच्या बाजूने वर चढत माझ्यासमोर आला.

"बाई, हजेरीपट मागवा," तो म्हणाला.

"मापकराव, तुम्ही सुटलात. आता तुम्ही कुठेही जाऊ शकता."

"हो. सात तास बसलो. फार चांगलं असतं ते. मी अठ्ठावन्न वर्षं वाट बघितली. ती कशी असते ते मला माहीत आहे. तुम्हाला मी एक दिवसही बघू देणार नाही. सही करा आणि घरी जा."

चौगल्यांनी हजेरीपट दोरीला बांधून वर पाठवला. मी चार्ज दिला. त्याने घेतला. बदली माणसाच्या रकान्याचं पान बोंद्र्यांनी खालूनच उलटायला सांगितलं, आणि त्यात मी पुढच्या पाळीला माझं नाव लिहिलं.

"उद्या सकाळी नऊ चाळीसला येते," मी म्हटलं.

"बरं," तो म्हणाला, आणि हळूहळू वर निघाला.

दुसऱ्या दिवशी नऊ पस्तीसला मी बेचाळिसाव्या कांबीवर होते.